चालत्या टीममध्ये टेक लीड म्हणून रुजू होताना

सॉफ्टवेअर बनवणारी टीम सात-आठ वर्षं जुनी आहे, प्रॉडक्ट चालू आहे, ग्राहक रोज वापरतायत, आणि पुढच्या सोमवारी तुम्ही तिथे टेक लीड म्हणून, म्हणजे टीमच्या तांत्रिक कामाचे प्रमुख म्हणून, रुजू होणार आहात. टीममधल्या प्रत्येकाला ती सिस्टीम तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. निर्णय मात्र तुम्ही घ्यायचेत. ही गाठ विचारत विचारतच सुटते. कुणाला, काय आणि कधी विचारायचं, ते शिकावं लागतं.

मी पुण्यात दोनदा अशा चालत्या टीममध्ये लीड म्हणून गेले. पहिल्या वेळी चुकले आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. दुसऱ्या वेळी बरंच सावरलं. खाली लिहिलंय ते या दोन्ही अनुभवांतून आलेलं आहे.

रुजू होण्याआधी

आपल्याकडे नोटिस पिरियड साठ ते नव्वद दिवसांचा. ऑफर हातात आल्यापासून पहिल्या दिवसापर्यंत दोन-तीन महिने मिळतात, आणि बहुतेक जण ते नवीन फ्रेमवर्क शिकण्यात घालवतात. फ्रेमवर्क नंतरही शिकता येईल. या काळात नव्या मॅनेजरला एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारून घ्या. ही जागा रिकामी का झाली? टीममधल्या कुणाला ही जागा हवी होती का? आणि सहा महिन्यांनी काय झालेलं दिसलं, तर तुम्ही म्हणाल की माणूस बरोबर निवडला?

तिसऱ्या प्रश्नाला बहुधा ‘टीमला जरा शिस्त लावायची आहे’ असं काहीतरी मोघम उत्तर येतं. तिथे थांबू नका. रिलीज, म्हणजे ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या नव्या आवृत्त्या, उशिरा होतात, की रिलीजनंतर बग निघतात, की टीम मॅनेजरचं ऐकत नाही? तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि तिसरी तक्रार असेल तर तो इलाज कदाचित टीमवर करायचाच नाही.

जुने लीड अजून कंपनीत असतील तर त्यांच्याकडून एक तास मागून घ्या. केटीच्या, म्हणजे कामाची माहिती सोपवण्याच्या, नावाखाली जी आर्किटेक्चरची स्लाइड दाखवतात, ती बहुतेक वेळा दोन वर्षं जुनी असते. त्यांना एवढंच विचारा: ‘तुम्ही सुट्टीवर असताना तुम्हाला फोन कशासाठी यायचा?’ सिस्टीमची सगळी दुखरी ठिकाणं त्या उत्तरात सापडतात.

पहिले चार दिवस

लॅपटॉप मिळाला की सेटअप स्वतः करा. टीममधलं कुणीतरी शेजारी येऊन बसेल आणि दहा मिनिटांत करून द्यायला निघेल. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. लिहून ठेवलेल्या सूचना एकेक पायरीने पाळा आणि जिथे अडाल तिथे नोंद करा. ही पायरी जुनी झालीय, हा पासवर्ड कुणाकडे मागायचा ते लिहिलेलं नाही, ही लायब्ररी आता मिळतच नाही. चौथ्या दिवशी त्या सूचना दुरुस्त करून तुमचा पहिला पीआर (बदल तपासून घ्यावा म्हणून टीमला पाठवायची विनंती) टाका. पुढच्या नव्या माणसाचे दोन दिवस वाचतात, आणि हाताने काम करणारा लीड आलाय हे टीमला भाषण न देता कळतं.

ओळखीच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. आणि ‘आमच्या आधीच्या कंपनीत आम्ही असं करायचो’ हे वाक्य पहिले तीन महिने तोंडातून काढू नका. तुम्ही एक माहिती म्हणून सांगता. ऐकणाऱ्याला मात्र सासरी येऊन माहेरचं कौतुक सांगितल्यासारखं वाटतं.

प्रत्येकाशी चाळीस मिनिटं

पहिल्या दोन आठवड्यांत टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं भेटा. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि सगळ्यांना तेच चार प्रश्न. प्रश्न तेच ठेवले की उत्तरं शेजारी-शेजारी मांडून बघता येतात. माझे प्रश्न असे असतात:

तुमचं काम कुठे अडतं?
सिस्टीमच्या कोणत्या भागाला हात लावायला भीती वाटते?
इथलं काय बदलू नये असं वाटतं?
कुठल्या गोष्टीबद्दल तुम्ही बोलून बोलून कंटाळलात?

तिसरा प्रश्न विसरू नका. नवा लीड म्हणजे आता सगळं उलथणार, या धास्तीत टीम असते. काय जपायचं हे तुम्ही विचारलंत की माणसं सैलावतात, आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर मोकळेपणाने देतात.

लॅपटॉप उघडू नका, वहीत लिहा. समोरचा बोलत असताना की-बोर्ड वाजला की त्याला आपली जबानी चालल्यासारखं वाटतं. कुणी तिसऱ्या व्यक्तीबद्दल तक्रार केली तर ऐका, लिहू नका, आणि तिथल्या तिथे मत देऊ नका.

टीम म्हणजे फक्त डेव्हलपर नव्हेत. टेस्टर, डेटाबेस बघणारे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सपोर्टचे फोन घेणारे. सपोर्टच्या टेबलाशी अर्धा दिवस बसा. माझ्या दुसऱ्या नोकरीत सपोर्टमधल्या एका मुलीच्या मॉनिटरला चिकटवलेला पिवळा कागद होता. त्यावर सात ओळी: ग्राहक असं म्हणाला की त्याला हे करायला सांगायचं. त्यातल्या चार ओळी म्हणजे आमचे चार बग होते. तिने स्वतःच त्यावर उपाय शोधून काढले होते आणि दोन वर्षं फोनवर सांगत होती. एकाचंही तिकीट, म्हणजे दुरुस्तीच्या यादीतली नोंद, कुणी काढलेलं नव्हतं. तुमच्या कंपनीतही असा कागद कुठेतरी असणार. तो शोधा.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या पुणे-मुंबईच्या ऑफिसांतली. टीममध्ये तमिळ, बंगाली, तेलुगू बोलणारे लोक असतात, आणि बाकीचे आपण मराठी. मीटिंगमध्ये इंग्रजी चालतं; खरा निर्णय मात्र टपरीवर चहा घेताना मराठीत होतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण कोइमतूरहून आलेल्या मुलाला तो निर्णय दोन दिवसांनी, तोही चुकून कळतो. लीड बाई असेल आणि टपरीवर फक्त पुरुष जात असतील, तर हेच तुमच्याही वाट्याला येतं, माझ्या आलं. यावर मी एक नियम केला: चहावर काहीही ठरवा, पण परत आल्यावर टीमच्या चॅनलवर सगळ्यांना समजेल अशा भाषेत दोन ओळी लिहा. लिहिलं नाही तर ते ठरलंच नाही. चहा कुणाचा बंद केला नाही, आणि दोन महिन्यांत सवय लागली.

ज्यांना ती जागा हवी होती

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घाला. जुन्या टीममध्ये बहुधा एक व्यक्ती अशी असतेच, जिला वाटत होतं की आता लीड आपणच. कधी तिला तसं तोंडी सांगितलेलंही असतं. आणि मग बाहेरून तुम्ही येता. तिचा राग तुमच्यावर नसतो, पण रोज समोर तुम्हीच दिसता.

बरेच नवे लीड इथे मूग गिळून बसतात. आपोआप निवळेल, अशी आशा. ते निवळत नाही. कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, बाहेर पडतं, मीटिंगमधल्या गप्प राहण्यात बाहेर पडतं.

पहिल्या तीन-चार दिवसांतच त्या व्यक्तीला एकट्याने भेटा. काचेच्या केबिनमध्ये नको, सगळी टीम बघत बसते. खाली एक चक्कर मारा. आणि सरळ बोला: ‘या जागेसाठी तुमचं नाव होतं असं मला कळलंय. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते साहजिक आहे.’ पुढे स्पष्टीकरण नको, माफी नको, आणि ‘पुढच्या वेळी तुमचंच प्रमोशन’ असं वचन तर अजिबात नको, कारण ते तुमच्या हातात नाही. थोडा वेळ गप्प राहा. मग विचारा, की कोणत्या एका गोष्टीचा अंतिम निर्णय तुमचा असावा असं तुम्हाला वाटतं?

माझ्या दुसऱ्या टीममधले सहकारी म्हणाले, ‘रिलीज. रिलीज जाणार की थांबणार, हे मला ठरवू दे.’ मी होय म्हटलं आणि त्याच दिवशी टीमला लिहून कळवलं. खरी परीक्षा तीन आठवड्यांनी आली. गुरुवारी संध्याकाळी डिलिव्हरी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. क्लायंट मागे लागलाय, आज रात्री रिलीज सोडूया म्हणाले. मला स्वतःला रिलीज ठीक वाटत होती. मी म्हटलं, ‘त्यांना विचारा, ते ठरवतील.’ माझे सहकारी नाही म्हणाले; पेमेंटच्या एका टेस्टचा निकाल त्यांना पटत नव्हता. रिलीज सोमवारी गेली. वरून मला ऐकून घ्यावं लागलं, पण मी त्यांचा निर्णय फिरवला नाही. त्या गुरुवारी फिरवला असता, तर तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या त्या ओळीला काही अर्थ उरला नसता.

अप्रेझल मार्च-एप्रिलात होत असेल तर या व्यक्तीच्या कामाची यादी घेऊन जानेवारीतच मॅनेजरकडे जा. मार्चमध्ये आकडे ठरून गेलेले असतात, तेव्हा भांडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एवढं करूनही ती व्यक्ती नोकरी सोडू शकते. सोडली तर तिचा नोटिस पिरियड सुखाचा जाऊ द्या. आणि राहूनही तीन महिने प्रत्येक गोष्टीला खो घातला जात असेल, तर मोघम न बोलता तारखांसकट उदाहरणं समोर ठेवा. समजुतीचा काळ कायमचा असू शकत नाही. बाकीची टीम बघत असते.

सिस्टीम वाचायची कशी

कोड पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत वाचायला बसू नका. आधी त्याचा इतिहास वाचा. गेल्या वर्षभरात कुठल्या फाइलींना सगळ्यात जास्त वेळा हात लागला, आणि त्यांतल्या कुठल्या फाइलींना एकाच माणसाचा हात लागलाय, ते गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या टूलच्या, लॉगमधून अर्ध्या तासात निघतं. एकाच माणसाला माहीत असलेला भाग म्हणजे धोका. तो माणूस गणपतीला कोकणात गेला की तो भाग बंद.

मग टीमचा नकाशा शेजारी ठेवा. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं, की एखादी संस्था जी सिस्टीम बनवते, तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटाच उमटतात. जुन्या प्रॉडक्टमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. दोन मॉड्यूल एकमेकांशी विचित्र पद्धतीने, मध्येच फाइल टाकून बोलत असतील, तर ती दोन मॉड्यूल लिहिणाऱ्या माणसांबद्दल विचारा. बहुधा तेव्हा ती दोन वेगळ्या मजल्यांवर बसत होती.

त्यानंतर सिस्टीमचं पंचांग तयार करा. कुठल्या दिवशी काय होतं? जीएसटीचा विषय असेल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास भार वाढतो, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी च्या त्या मुदती आहेत. १ एप्रिलला बऱ्याच कंपन्यांची इनव्हॉइसची क्रममालिका नव्याने सुरू होते, आणि ते कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कोडवर अवलंबून असतं. अमेरिकेचा क्लायंट असेल तर मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. न्यूयॉर्कचा सकाळी ११ चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असतो आणि हिवाळ्यात साडेनऊला. कॉलचं सोडा, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट त्या दिवशी काय करते?

स्क्रिप्टवरून आता माझी चूक सांगते, कारण हा लेख लिहायचं खरं कारण ती आहे.

पहिल्या वेळी लीड झाले तेव्हा आमचं प्रॉडक्ट वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गोदामांसाठी होतं. रोज पहाटे ५ वाजून ३५ मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालायची. ती आदल्या दिवसाचा साठा बंद करायची आणि सकाळचा रिपोर्ट काढायची. तिला चाळीस मिनिटं लागायची, म्हणजे रिपोर्ट सव्वासहाला; पहिली पाळी मात्र सहाला सुरू. ग्राहकांची तक्रार होती. मी दुसऱ्याच आठवड्यात, मंगळवारी, स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सांगितलं की ही वेळ रात्री सव्वाबारा करा. कुणी काही बोललं नाही. अर्ध्या तासात बदल झाला.

बुधवारी पहाटे रिपोर्ट वेळेत तयार होता. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी चाकणच्या एका गोदामातून फोन आला: ‘परवाचाच आकडा आज परत आलाय.’ तोवर त्या आकड्यांवर दोन गाड्या भरून निघाल्या होत्या, अर्धवट मालानिशी. तिथल्या स्टोअरकीपरला त्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, हे मला नंतर कळलं.

झालं असं होतं की सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. आपल्या पहाटे साडेपाचला तिथे तारीख बदलते. स्क्रिप्ट ५:३५ ला चालायची तेव्हा तिथे नवा दिवस लागून पाच मिनिटं झालेली असायची, आणि ‘काल’ म्हणजे खरंच काल असायचा. मी ती सव्वाबाराला आणली तेव्हा सर्व्हरसाठी अजून मंगळवारच चालू होता, संध्याकाळचे पावणेसात. त्याचा ‘काल’ म्हणजे सोमवार.

टीममधले सगळ्यात जुने सहकारी, माझ्यापेक्षा वयाने बारा वर्षांनी मोठे, यांना हे माहीत होतं. आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती, जी कुठेच लिहिलेली नव्हती: कारखान्याचा दिवस रात्री बाराला संपत नाही, तिसऱ्या पाळीबरोबर संपतो. त्या गोदामांत शेवटच्या अर्ध्या तासात माल हलत नसे, झाडलोट आणि पाळीबदल चालायचा. म्हणून साडेपाचची सीमा त्यांना चालत होती, आणि म्हणून सर्व्हरचं घड्याळ कुणी बदललं नव्हतं. मी त्यांना विचारलं की काल बोलला का नाहीत. ते शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. तुम्ही सांगितलंत.’

तेव्हापासून एक रीत मी पाळते. विचित्र दिसणारी कुठलीही जुनी गोष्ट बदलण्याआधी, ती तशी का आहे याचं एका वाक्यात उत्तर लिहायचं. उत्तर लिहिता येत नसेल तर बदलायचं नाही, आधी शोधायचं. गिट ब्लेम करून ती ओळ कुणी आणि कुठल्या तिकिटासाठी लिहिली ते बघायचं. तिकीट सापडलं नाही तर सगळ्यात जुन्या तिघांना विचारायचं. आणि विचारताना ‘हे असं का आहे?’ एवढंच, ‘हे असं का केलंत?’ म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो.

पण याचा अर्थ जुनं ते सगळं जपून ठेवायचं असाही नाही. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ ला जे झालं ते लक्षात ठेवा. २००३ पासून वापरात नसलेला कोड त्यांच्या सर्व्हरवर तसाच पडून होता. नव्या सोयीसाठी त्या जुन्या कोडचाच फ्लॅग, म्हणजे तो चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरला गेला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, एक राहून गेला. बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. मला यातला सगळ्यात बोलका तपशील वेगळाच वाटतो: बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टीमने त्याच जुन्या कोडचं नाव घालून ९७ ईमेल पाठवले होते. ते इशारे म्हणून कुणी बघत नव्हतं.

तेव्हा पहिल्या महिन्यात एक दुपार अलर्टच्या मेलबॉक्सवर घालवा. जुन्या टीममध्ये तिथे हजारो न वाचलेले मेल असतात आणि सगळे म्हणतात, ‘ते नेहमीचंच आहे.’ एकेक प्रकार उघडून विचारा की हा मेल आला तर कुणी काय करायचं. काहीच करायचं नसेल तर तो बंद करा, म्हणजे उरलेले दिसतील.

पहिला बदल कुठला करायचा

टीमला रोज टोचणारा, छोटा, आणि ज्याबद्दल कुणाचा वाद नाही असा. चाळीस मिनिटांच्या भेटींत चार-पाच जणांनी एकच गोष्ट सांगितलेली असते: बिल्डला, म्हणजे कोडमधून चालणारं प्रॉडक्ट तयार व्हायला, पंचवीस मिनिटं लागतात, अमुक टेस्ट कारण नसताना मधूनच फेल होते. ती घ्या आणि शक्य तर स्वतः करा. तुम्हाला कंटाळवाणी वाटेल, पण टीमला रोज दिसेल.

दुसरं काम: बॅकअप परत चढवून बघा. बॅकअप ‘आहे’ असं सगळे सांगतात. वेगळ्या मशीनवर तो उघडून, डेटा मोजून, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या, डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा लक्षात आलं की रोजचा बॅकअप कधीपासूनच चुपचाप फेल होत होता, आणि तो फेल झाल्याचे मेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेल्या कॉपीवर त्यांनी सिस्टीम उभी केली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला.

स्वतः कोड लिहा, पण रिलीज ज्यांच्यावर अडेल अशी तिकिटं घेऊ नका; तुमचा दिवस मीटिंगांत जाणार आहे आणि टीम तुमच्यासाठी खोळंबेल. कोड रिव्ह्यूत पहिले काही आठवडे फक्त तेच लिहा, ज्याने प्रॉडक्शनमध्ये काही बिघडेल. नावं, मोकळ्या जागा, कंस कुठे असावा, हे तुमच्या आवडीचं आहे. ते टूलवर सोडा. आणि रिव्ह्यूत काही चांगलं दिसलं तर तेही लिहा. आपल्याकडे ही सवय फार कमी आहे.

‘हे सगळं नव्याने लिहूया’

दुसऱ्या महिन्यात हा मोह येतो. जुना कोड वाचून वाचून माणूस वैतागतो, टीममधले तरुणही मागे लागतात. नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपला ब्राउझर पुन्हा लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी कधी आलीच नाही, सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली, आणि त्या काळात बाजार मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरकडे गेला. पडझडीला इतरही कारणं होती, पण दोन-अडीच वर्षं ग्राहकाच्या हातात नवं काही न देता टिकणं फार थोड्यांना परवडतं.

एकेक भाग सुटा करून बदला. मोठा बदल सुचवायचा असेल तर एक पान लिहा: आत्ता काय दुखतंय, पर्याय कोणते, कुठला निवडला, कुठला का सोडला, चुकलं तर मागे कसं यायचं. ते पान मीटिंगच्या दोन दिवस आधी सगळ्यांना द्या. मीटिंगमध्ये सगळ्यात कनिष्ठ व्यक्तीला आधी बोलू द्या आणि तुम्ही शेवटी बोला. लीड आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

निर्णय झाला की तारखेसह ते पान कोडच्या शेजारीच ठेवा. पाच वर्षांनी कुणीतरी नवा लीड येईल आणि विचारेल, हे असं का आहे.

प्रॉडक्शन पडेल तेव्हा

पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी पडणारच. तुम्ही सिस्टीम पुरती ओळखत नाही, म्हणून की-बोर्ड हातात घेऊ नका. ज्यांना ती माहीत आहे त्यांना काम करू द्या आणि त्यांच्याभोवती कुंपण घाला. मॅनेजर, सेल्स, क्लायंट, सगळ्यांचे फोन तुम्ही घ्या. दर अर्ध्या तासाला, नवीन काही नसलं तरी, एक ओळ कळवा. काय केलं आणि किती वाजता, याची नोंद तुम्हीच ठेवा. रात्री उशीर झाला तर जेवण मागवा आणि घरी जायची सोय बघा.

दुसऱ्या दिवशी बसा तेव्हा पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा नसावा. विचारा: त्या क्षणी त्या व्यक्तीला स्क्रीनवर काय दिसत होतं, आणि ते पाहून तिने जे केलं ते तिला योग्य का वाटलं? गिटलॅबने तेव्हा सगळी हकिगत जाहीर केली, आणि तिचा रोख माणसावर नव्हता, पद्धतीतल्या भोकांवर होता. वरून नाव विचारलं गेलं तर ‘बदल माझ्या टीमने केला, जबाबदारी माझी’ एवढंच सांगा. माझ्या त्या बुधवारी बदल मीच सांगितला होता, तरी मेलमध्ये आधी स्क्रिप्टला हात लावणाऱ्या मुलाचं नाव गेलं होतं. मी ते दुपारपर्यंत दुरुस्त केलं नाही. त्याने पुढे तो विषय कधी काढला नाही, पण पुढचे दोन महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

वरच्यांशी आणि क्लायंटशी

कॉलवर तारीख विचारली की ‘टीमशी बोलून उद्या सांगते’ एवढंच म्हणा. पहिल्या महिन्यात घाईने दिलेला होकार टीम वर्षभर विसरत नाही. वर्षाचं नियोजन करताना कॅलेंडरवर आधी गणपती, दसरा, दिवाळी, पोंगल, दुर्गापूजा आणि ईद लिहा, मग रिलीजच्या तारखा टाका. क्लायंटला दोन महिने आधी कळवलं तर तो समजून घेतो. आदल्या आठवड्यात सांगितलं तर ती सबब ठरते.

तीन महिन्यांनी

वही काढा आणि सगळ्यांना पुन्हा भेटा, तेच चार प्रश्न घेऊन. पहिल्या वेळची उत्तरं आधी वाचून जा. शेवटी पाचवा प्रश्न विचारा: ‘मी केलेल्या कुठल्या गोष्टीबद्दल तुम्हाला बोलायचं होतं, पण बोलला नाहीत?’ आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. आलं की कारणं देऊ नका, लिहून घ्या, आणि सगळ्या भेटी संपल्या की त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात बदला.

माझ्या पहिल्या टीममध्ये या फेरीत ते जुने सहकारी म्हणाले, ‘ती स्क्रिप्ट पाळ्यांच्या वेळापत्रकावरून चालायला हवी, घड्याळावरून नाही. मी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.’ त्यांच्या ड्रॉवरमध्ये खरंच दोन पानं होती, पेनाने काढलेल्या आकृतीसकट. आम्ही दोघांनी ती स्क्रिप्ट तीन आठवड्यांत तशी बांधली. आता प्रत्येक गोदामाचा दिवस त्याच्या शेवटच्या पाळीबरोबर बंद होतो, आणि स्क्रिप्टच्या वर पाच ओळींत लिहिलंय की हे असं का आहे.